दोन शब्दांची सवलत

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत स्कूटरचे मडगार्ड बनवणारी एक कंपनी होती, आणि तिच्या प्रेस शॉपमध्ये केरू सांगळे आणि गोटीराम भोये हे दोघं एकाच मशीनवर कामाला होते. मशीन म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची पॉवर प्रेस. गोटीराम समोर उभा राहून तिच्या जबड्यात पत्रा सरकवायचा, साच्यावर नीट बसवायचा. केरू बाजूला उभा राहून पायाने पेडल दाबायचा. पेडल दाबलं की वरचा साचा धाडकन खाली यायचा आणि सपाट पत्र्याचा मडगार्ड व्हायचा.

गंमत अशी, की केरू जिथे उभा असायचा तिथून त्याला गोटीरामचे हात दिसायचे नाहीत. पत्रा आडवा यायचा. म्हणून दोघांनी आपसात एक रीत पाडून घेतली होती. पेडल दाबण्याआधी केरू विचारायचा, "हात?" गोटीराम सांगायचा, "बाहेर." मगच पाय खाली जायचा. प्रत्येक पत्र्याला हे असंच. कंपनीने हे शिकवलं नव्हतं. कंपनीला माणसाच्या बोटांपेक्षा मडगार्डची काळजी जास्त होती, आणि दुपारी कँटीनमध्ये भाकरी मोडणाऱ्या हातांकडे नुसतं पाहिलं तरी ते कळायचं. गोटीरामची मात्र दहाच्या दहा बोटं शाबूत होती. पेठकडच्या डोंगरातला हा माणूस, घरी गेला की आपली बोटं बायकोला दाखवायचा आणि म्हणायचा, "ही केरूची."

केरू हा सिन्नर तालुक्यातला, नियमाचा माणूस. त्याची थट्टा करायची तर एवढंच पुरे, की घरात भाजी कोणती करायची यावरही त्याने हात वर करून मतं घेतली असती. लताबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, तशी वेळ येऊ दिली नाही ही गोष्ट वेगळी. पण या नियमाच्या वेडामागे कारण होतं. कंपनीत युनियन येण्याआधी सुपरवायझर त्याला "ए" म्हणून हाक मारायचा. लाल बावटा आला, द्वारसभा झाल्या, वर्गणीच्या पावत्या फाटल्या, आणि एका वर्षात तोच सुपरवायझर "केरूभाऊ" म्हणायला लागला. ही जादू कशाने झाली, तर दारात उभं राहून चारचौघांत केलेल्या ठरावांनी झाली, असं केरूच्या मनाने घेतलं. त्याचं फार चुकलं होतं असंही नाही.

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीच्या पावसाळ्यात कंपनीत संप झाला. गेटसमोर मंडप पडला. दुपारी एकच मोठं पातेलं चढायचं आणि सगळे त्यातलं खायचे. गोटीरामने गावाकडून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं आणून त्या स्वयंपाकात टाकलं होतं. केरू घोषणा द्यायचा, गोटीराम शेजारी बसून साथ द्यायचा. त्याचा आवाज बारीक होता, पण तो कधी मागे पडला नाही.

गणपती झाले आणि कंपनीने बडतर्फीच्या नोटिसा लावायला सुरुवात केली. मग एक बस यायला लागली, खिडक्यांना जाळी मारलेली. आतून कामावर जाणाऱ्यांची ती बस. पहिल्या दिवशी रिकामीच होती. मग तीत दोघेतिघे दिसले. आणि एका सकाळी केरू मंडपाच्या तोंडाशी उभा राहून घोषणा देत असताना बस त्याच्या समोरून वळली. जाळीमागे गोटीराम बसला होता, मान खाली घालून. केरूच्या तोंडातली घोषणा अर्धीच राहिली. उरलेली लोकांनी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी द्वारसभा झाली. ती अकबरभाईंनी घेतली. अकबरभाई युनियनचे पूर्णवेळ कार्यकर्ते, मूळचे मालेगावच्या यंत्रमागवाल्यांच्या घरातले, भद्रकालीतल्या एका खोलीतून युनियनचं ऑफिस चालवायचे. त्यांची एक पद्धत होती. संप फोडणाऱ्याविरुद्धचा ठराव त्याच्याच मशीनवरच्या माणसाने मांडायचा. म्हणजे कुणी म्हणायला नको, की जुनं वैर काढलं. पद्धत चांगलीच होती. आत गेलेले सहा-सात जण होते, आणि प्रत्येकाच्या मशीनवरचा एकेक जण पुढे येऊन बोलून गेला. गोटीरामचं नाव आलं तेव्हा अकबरभाईंनी केरूकडे पाहिलं.

केरू पुढे गेला. माइक त्याने हातात घेतला नाही, तसाच बोलला. "गोटीराम भोये यांच्याशी कोणी बोलणार नाही, त्यांच्याबरोबर चहा घेणार नाही, त्यांच्या दारात जाणार नाही, अशी सूचना मी मांडतो."

भिकन नावाचा वेल्डर होता, त्याने अनुमोदन दिलं. सगळ्यांचे हात वर गेले. केरूचाही गेला. त्या वेळी त्याला काय वाटलं हे कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. संताप आला होता, तो आदल्या दिवशीच. सभेत उभं राहिल्यावर काहीच वाटलं नाही.

आता ही दोन घरं कुठे होती तेही सांगायला हवं. श्रमिकनगरात, एकाच ओळीत, एकमेकांना लागून. मध्ये चार इंची भिंत. इकडे खोकला आला की तिकडे कळायचं. त्या रात्रीपासून भिंतीच्या या बाजूला केरू हळू बोलायला लागला. आपलं बोलणं पलीकडे गेलं तर ते बोलणं धरायचं की नाही, याची त्याला शंका होती.

दिवाळीच्या तोंडावर संप मिटला. थोडं कंपनीचं, थोडं युनियनचं, अशी तडजोड झाली. बाहेर बसलेले आणि आत गेलेले, सगळेच कामावर हजर झाले आणि सगळे आपापल्या जुन्या मशीनवर उभे राहिले. गोटीरामने पत्रा उचलला, साच्यावर बसवला. केरूने पाय पेडलकडे नेला, आणि त्याच्या लक्षात आलं की आता विचारावं लागणार.

त्याने पाय मागे घेतला. गोटीराम पत्र्याला हात लावून तसाच उभा. सुपरवायझर धावत आला. "काय झालं?"

"कमिटीला विचारून येतो," केरू म्हणाला.

कँटीनमध्ये युनियनची कमिटी बसली. हसू येईल, पण त्या दिवशी तिथे कोणी हसत नव्हतं. प्रश्न असा होता, की "हात?" असं विचारणं हे बोलणं झालं का? एक जण म्हणाला, शिट्टी वाजवा. दुसरा म्हणाला, त्या गोंगाटात शिट्टी कोणाला ऐकू येणार? तिसऱ्याने तर सुचवलं, की केरूचं मशीन बदलून घ्या. सुपरवायझर तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर केरूही नव्हता. शेवटी अकबरभाई म्हणाले, "देखो, ठराव आपला आहे, बोटं त्याची आहेत. बोट तुटलं तर ठराव काय जोडून देणार आहे का? हे दोन शब्द बोलायचे. मशीनपुरते. तिसरा शब्द नाही."

केरू परत गेला. पत्रा तसाच होता.

"हात?"

"बाहेर."

धाड.

अशी वर्षं गेली. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, रात्रपाळी. हजारो पत्रे आणि तेच दोन शब्द. सुरुवातीला केरूला तो "बाहेर" ऐकताना वाईट वाटायचं. त्या एका शब्दातून माणसाची खबर लागते हे त्याला तेव्हा कळलं. सर्दी झालेला "बाहेर", न झोपलेला "बाहेर", मुलगा ललित दहावी पास झाला त्या दिवशीचा "बाहेर". पण हळूहळू तेही थांबलं. ऐकू यायचं, पाय खाली जायचा. वाईट वाटणं बंद झालं. बरं वाटणंही त्याच सुमारास बंद झालं, पण ते त्याच्या लवकर लक्षात आलं नाही. लताबाईच्या आलं. "तुम्ही घरात असता का नसता तेच कळत नाही हल्ली," ती म्हणायची.

बायकांनी तो ठराव पहिल्या आठवड्यातच मोडला होता. नळावर लताबाई आणि गोटीरामची बायको अक्काबाई शेजारी शेजारी हंडे लावायच्या. लताबाईचं म्हणणं स्पष्ट होतं. "मी काय तुमच्या युनियनची मेंबर नाय. मी हात वर केला नव्हता." त्यामुळे भिंतीपलीकडची खबर त्याला नळावरून मिळायची. गोटीरामची थोरली लेक रोशनी दिंडोरीला दिली, सासू मेली, ललितला पाथर्डी फाट्यावर गॅरेजमध्ये काम लागलं. केरू ऐकून घ्यायचा. एकदा लताबाई म्हणाली, "त्यो आत का गेला होता ते सांगू का? अक्काबाईनं सांगितलंय मला."

"नको," केरू म्हणाला. "ते कारण समजलं की मग ठराव पाळता येत नाही."

एकदाच तिसरा शब्द आला. केरूची आई गावी वारली. तो तेरावा उरकून कामावर आला, डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. पहिला पत्रा बसला. केरूने विचारलं, "हात?" गोटीराम म्हणाला, "बाहेर." आणि मग थोडं थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "सांभाळ, केरू."

केरूने पेडल दाबलं. धाड झालं आणि तो शब्द त्या आवाजात गेला. पुढचा पत्रा येईपर्यंत केरू समोरच्या भिंतीवरच्या पोपडे निघालेल्या रंगाकडे पाहत राहिला. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. पुढच्या पत्र्याला नेहमीचेच दोन शब्द झाले. गोटीरामनेही पुन्हा कधी तिसरा शब्द काढला नाही.

आत गेलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे केरू डोळ्यांनी पाहत होता. कुणी कुणाच्या लग्नात जेवून आला. कुणी टपरीवर चहा पाजला. त्यातला एक जण तर नंतर मोर्चात झेंडा धरून भालेकर मैदानापासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत होता. केरूला ते पटायचं नाही. "लोकांना शिस्तच नाही," तो म्हणायचा. लोक शिस्त सोडतात याचा अर्थ ठराव सुटला असा होत नाही, हे त्याच्या दृष्टीने उघड होतं. आणि हे लोक बेशिस्त आहेत म्हणून आपण जास्त काटेकोर राहिलं पाहिजे, हेही उघडच होतं. अशी माणसं चळवळीला लागतात. त्यांच्याशिवाय मंडपाचा बांबूसुद्धा उभा राहत नाही. पण त्यांना "आता पुरे" असं वेळेवर सांगायला कोणीतरी लागतं, आणि ते सांगायचं काम कोणाचं हे कधीच ठरलेलं नसतं.

मग कंपनीच गेली. कुंभमेळ्याआधी दोनेक वर्षांची गोष्ट. दुपारच्या शिफ्टला केरूने नेहमीसारखं विचारलं, गोटीरामने नेहमीसारखं सांगितलं, भोंगा झाला आणि दोघं हात धुऊन घरी गेले. सकाळी गेटवर नोटीस होती, टाळं होतं, आणि टाळ्यासमोर सगळी माणसं. पुन्हा मंडप पडला, पुन्हा पातेलं चढलं, पण या वेळी आत जायला कोणी नव्हतंच, कारण आत काही उरलं नव्हतं. मशीनं रातोरात पुण्याकडे गेली होती. केस कोर्टात उभी राहिली आणि उभीच राहिली. केरूच्या लक्षात आलं की आदल्या रात्रीचा तो शेवटचा "बाहेर" होता. त्याने तो नीट ऐकलाही नव्हता.

कंपनीच्या जागेवर लग्नाचं लॉन्स झालं. कमान, कारंजं, फुलांचा मंडप. केरूला तिथेच वॉचमनची नोकरी लागली, आणि तीही गेटवरच, जिथे तो घोषणा द्यायचा तिथे. त्याला त्याचं काही वाटलं नाही. खाकी शर्ट घालून तो नवरदेवाच्या गाड्या लावून घ्यायचा. गोटीराम सातपूरच्या आठवडे बाजारात पेठकडची नागली आणि तेलाची खुरासणी घेऊन बसायचा. केरू बाजाराला गेला की त्या ओळीला जायचा नाही. आता त्यांच्यात दोन शब्दसुद्धा उरले नव्हते. सवलत मशीनपुरती होती आणि मशीन गेलं होतं.

कुंभमेळा होऊन गेला त्या हिवाळ्यात गोटीराम आजारी पडला. आधी कावीळ म्हणाले, मग पोटात पाणी व्हायला लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उन्हाळा लागता लागता ललितला बाजूला घेऊन सांगितलं, की घरी न्या. रात्री भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज यायचा. केरू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

एक दिवस लताबाईने त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि ते वाढलंच नाही. "आज तुम्ही ऐकून घ्यायचं," ती म्हणाली. "तो आत गेला कारण घाबरला. नोटिशीत नाव आलं आणि त्याचे हातपाय गळाले. बस, एवढंच. लय मोठं काय कारण नाय. तुम्ही नव्हता घाबरला?"

केरूने रिकामं ताट बाजूला सारलं. "घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मग जा ना त्याच्याकडं. भिंतीपलीकडं जायचंय, दिल्लीला नाय."

"तो का नाय बोलला इतके दिवस?"

"अक्काबाईनं विचारलं त्याला. तो म्हणतो, ठराव केरूचा हाय, केरूच मागं घेईल. मी मध्ये बोललो तर त्याची मान खाली जाईल."

आता केरूला दुसऱ्या दिवशी उठून शेजारच्या दारात जाता आलं असतं. तो गेला भद्रकालीला, युनियनच्या ऑफिसात. अकबरभाई आता थकले होते, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. केरूने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तो ठराव मागे घ्यायचाय."

"कोणता ठराव?"

केरूने पुन्हा सांगितलं. अकबरभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "केरू," ते म्हणाले, "अरे, ते तर संप मिटला तेव्हाच संपलं. त्या तडजोडीतच होतं, कोणी कोणावर डूख धरायचा नाही. आम्ही सगळे समजत होतो, तुमच्या दोघांचं काही घरगुती आहे. भिंतीचं वगैरे."

"पण कँटीनमध्ये तुम्हीच म्हणालात. दोन शब्द. तिसरा नाही."

"म्हणालो असेन," अकबरभाई म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "तेव्हा गरमागरमीचे दिवस होते. पुढे कोणीतरी तुला सांगायला पाहिजे होतं. मीच सांगायला पाहिजे होतं."

केरूला राग यायला हवा होता. त्याने स्वतःमध्ये शोधला, पण सापडला नाही. इतकी वर्षं जे पाळलं ते पाळायची गरजच नव्हती, एवढंच त्याला समजलं, आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं समजलं. तो म्हणाला, "मला नीट मागे घ्यायचाय. चौघांत मांडला होता, चौघांतच मागे घेणार. त्याच्यासमोर."

अकबरभाईंनी त्याला सांगायला हवं होतं, की वेड्या, आत्ता रिक्षा कर आणि घरी जा. पण तेही त्याच मुशीतले. त्यांनाही ते बरोबर वाटलं. "निवडणुकीची धामधूम आहे," ते म्हणाले. "एक मेला श्रमिकनगरच्या चौकात झेंडा आहे. जुने सगळे येतील. तिथे घेऊ. तू सूचना मांड, भिकन अनुमोदन देईल, मी दोन शब्द बोलेन. गोटीरामला खुर्ची टाकू."

ही बातमी नळावरून पलीकडे गेली. संध्याकाळी अक्काबाईने निरोप पाठवला, की ते येतो म्हणालेत. पांढरा शर्ट धुऊन इस्त्रीला दिलाय. किती दिवसांनी मागून पेज प्यायले.

एक मेला अजून काही दिवस होते. केरू लॉन्सच्या गेटवर बसून मनात सूचना घोळवायचा. "गोटीराम भोये यांच्याबाबत मी मांडलेली सूचना मी मागे घेत आहे." हे ठीक होतं. पण पुढे काय? पुढे आपण त्याच्याशी बोलायचं, आणि बोलायचं काय, ते त्याला सुचेना. आधी काय बोलायचो तेही आठवेना. दोन शब्द तेवढे आठवायचे.

त्याच आठवड्यात एका सकाळी तो कामावर निघाला असताना शेजारचं दार उघडं होतं. उन्हाचं बरं वाटतं म्हणून गोटीरामची खाट दारापाशी ओढली होती. गळ्यापर्यंत पांघरूण. चेहरा पिवळा, डोळे मोठे झालेले. दोघांची नजरानजर झाली. केरू थांबला. दहा-अकरा वर्षांत तो त्या दारापुढे पहिल्यांदाच थांबला होता.

गोटीरामने हळूहळू पांघरुणातून दोन्ही हात काढले आणि वर ठेवले. दहाही बोटं पसरून. हात बाहेर आहेत, एवढंच दाखवलं.

केरूला कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक शब्द बोलला असता तर पुरे होता, कोणताही. पण त्याच्या मनात एक मे होता, चौक होता, खुर्ची टाकलेली होती. आत्ता बोलून टाकलं तर मग तिथे मागे काय घ्यायचं, असा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. असा विचार फक्त केरूच करू जाणे. त्याने मान हलवली, म्हणजे "हो, एक मेला", आणि कामावर गेला.

गोटीराम त्यानंतर दोन दिवसांनी गेला. पहाटे भिंतीपलीकडून अक्काबाईचा हंबरडा आला तेव्हा लताबाई धावली. केरू अंथरुणात उठून बसला. त्याने शर्ट घातला, बटणं लावली, मग दार उघडून बाहेर आला आणि शेजारच्या उघड्या दारातून आत गेला. कोणी अडवलं नाही. अडवणारं कोणी नव्हतंच.

इस्त्रीचा पांढरा शर्ट गोटीरामच्या अंगावर चढवला. अकबरभाई आले, त्यांनी पिशवीतून लाल झेंडा काढून अंगावर पसरला. प्रेस शॉपमधले जुने बरेच जण आले. कुणी दुकान टाकलेलं, कुणी रिक्षा चालवणारे, बोटं गेलेले आणि बोटं असलेले. "कॉम्रेड गोटीराम भोये यांना लाल सलाम" अशी घोषणा झाली. ती कोणी द्यायची याबद्दल क्षणभर सगळे केरूकडे बघत थांबले होते, पण केरूचं लक्ष नव्हतं, म्हणून भिकनने दिली. केरूने खांदा दिला. कोणी त्याला "इकडून धर" म्हणालं तिकडून त्याने धरलं.

सातपूरच्या स्मशानात सरण रचलं होतं. झेंडा काढून घडी करून ललितच्या हातात दिला आणि गोटीरामला लाकडांवर ठेवलं. मग वरची लाकडं चढवायला सुरुवात झाली. शेवटी छातीवर ठेवायचा एक जाड ओंडका होता. तो उचलायला भिकन एका टोकाला वाकला, दुसऱ्या टोकाला केरू. दोघांनी उचलला, सरणावर आणला. खाली ठेवायचा एवढंच राहिलं होतं.

ओंडका आडवा आल्यामुळे केरूला पलीकडचं दिसेना. आणि त्याच्या तोंडातून आपोआप निघालं, "हात?"

ते एवढं मोठ्याने निघालं की मागे उभे असलेल्यांनीही ऐकलं. प्रेस शॉपची माणसं होती ती. त्यांच्यातलं कोणी हललं नाही. केरू ओंडका धरून उभा राहिला. त्याने मान थोडी तिरकी केली होती, मशीनच्या गोंगाटात ऐकायला करायचा तशी. ओंडका त्याने खाली येऊ दिला नाही.

भिकनला वजन पेलवेना. तो हळूच म्हणाला, "बाहेर आहेत, केरूभाऊ. ठेव."

"तुला नाय विचारलं," केरू म्हणाला. "त्याला विचारलं."

मग ललित पुढे आला आणि त्याने केरूच्या हातातून ओंडक्याचं टोक काढून घेतलं.